शब्द लागत नाहीत

माझं काम थोडक्यात सांगायचं तर मी संगणकात कान बिघडवते. आधी धडधाकट कान चालवून बघते, मग ठरवून त्याचा एखादाच भाग अधू करते, दोन्ही कानांना तेच वाक्य ऐकवते आणि मेंदूकडे जाणाऱ्या श्रवणचेतेत काय फरक पडला ते मोजते. उमेदीची बरीच वर्षं यात गेली. काही कॅनडात, ओंटारिओतल्या एका विद्यापीठात, बाकीची पुण्यात. हे कोरडं गणिती काम असेल, माणसांशी त्याची गाठ क्वचितच पडत असेल, असं ऐकणाऱ्याला वाटतं. मला मात्र या गणितानेच माणसांकडे नेलं. कमी ऐकू येणारे लोक जे वर्षानुवर्षं सांगत आले आणि घरचे ज्याला हट्ट, दुर्लक्ष नाहीतर वय म्हणत आले, ते किती नेमकं होतं हे मला त्या आकड्यांनी पटवून दिलं.

त्यांचं सांगणं साधं असतं. "आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत." ओंटारिओत हेच वाक्य इंग्रजीत ऐकलं, पुण्यात मराठीत ऐकलं. त्यापुढची तक्रारही सगळीकडे सारखीच. मोठ्याने बोललं की "ओरडतोस कशाला?", हळू बोललं की "काय म्हणालास?" घरातल्या माणसाला हा दुटप्पीपणा वाटतो. टीव्हीचा आवाज चालतो आणि सुनेचा चालत नाही, म्हणजे मुद्दामच. एका क्लिनिकमध्ये एक सूनबाई माझ्यासमोर ऑडिओलॉजिस्टला म्हणाल्या होत्या, "यांना हवं ते बरोबर ऐकू येतं." शेजारी सासरे मान खाली घालून बसले होते. त्यांना हे वाक्य लागलं नव्हतं, पण त्याचा सूर कळला होता.

इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या माणसाला कान म्हटलं की मायक्रोफोन आठवतो आणि बहिरेपणा म्हटलं की कमी केलेला व्हॉल्यूम. कानात मळ साचला असेल किंवा पडद्यामागे पाणी झालं असेल, तर हे चित्र बरंचसं खरंही असतं. वयाने, गोंगाटाने किंवा काही औषधांनी येणारा बहिरेपणा मात्र आतल्या कानातला असतो आणि तिथे हे चित्र पार कोसळतं. आतला कान, म्हणजे कॉक्लिया, ही शंखासारखी अडीच वेढे घेतलेली नळी. उलगडली तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरेल. तिच्या आतल्या पडद्यावर प्रत्येक जागेचा आपला सूर ठरलेला असतो. सुरुवातीला उंच सूर, टोकाकडे खर्ज. या पडद्यावर रोमपेशींच्या चार रांगा बसलेल्या असतात. आतली एक रांग साधारण साडेतीन हजार पेशींची, बाहेरच्या तीन रांगांत मिळून बाराएक हजार. श्रवणचेतेत तंतू तीस हजारांच्या घरात असतात आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक त्या आतल्या एका रांगेला जोडलेले असतात. आईची हाक असो की भीमसेनांची तान, मेंदूपर्यंत पोचायला तिला या साडेतीन हजार पेशींखेरीज दुसरी वाट नाही.

मग बाहेरच्या बारा हजार पेशी कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर मिळायला विज्ञानाला बराच काळ लागला आणि ते उत्तर कळेपर्यंत बहिरेपणाही नीट कळला नव्हता, असं माझं मत आहे. गेऑर्ग फॉन बेकेशीने मृतांच्या कानांत सूक्ष्मदर्शकातून लाटा धावताना पाहिल्या आणि त्या कामासाठी १९६१चं नोबेल पारितोषिक मिळवलं. पण मेलेल्या कानातल्या त्या लाटा बोथट होत्या, जिवंत माणसाला जवळजवळचे सूर जितके वेगळे कळतात तितक्या धारदार नव्हत्या. टॉमस गोल्ड नावाच्या तरुणाने, जो पुढे खगोलशास्त्रज्ञ म्हणून गाजला, १९४८मध्येच सुचवलं होतं की कान स्वतः ऊर्जा ओतत असला पाहिजे. फार कुणी मनावर घेतलं नाही. १९७८मध्ये डेव्हिड केंपने कानातून बाहेर येणारा आवाज मायक्रोफोनने टिपला. आज नवजात बाळांची श्रवणचाचणी ज्या तत्त्वावर होते ते हेच. १९८५मध्ये विल्यम ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी बाहेरच्या रोमपेशी विजेच्या इशाऱ्यावर आखडतात आणि लांबतात हे दाखवलं. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला मागून कुणीतरी प्रत्येक हेलकाव्याला बरोबर वेळेवर हलका धक्का द्यावा, तसं या पेशी करतात. आवाज अगदी बारीक असेल तेव्हा त्यांचा धक्का सगळ्यात मोलाचा, आणि आवाज मोठा असेल तेव्हा त्याची गरजच नसते.

आता या पेशी मेल्या तर काय होईल? हळू आवाज बुडतील, उंच सुरांत पन्नास-साठ डेसिबलपर्यंत. मोठे आवाज जसेच्या तसे येतील. म्हणजे "ऐकूच येत नाही" आणि "ओरडू नकोस" यांच्यामधलं अंतर अगदी थोडं उरेल. सासऱ्यांचा दुटप्पीपणा तो हाच. शिवाय पडद्यावरची प्रत्येक जागा आपला सूर सोडून शेजाऱ्यांच्या सुरांनाही हलू लागेल. ही दुसरी गोष्ट व्हॉल्यूमने भरून येणारी नाही.

मी ज्या मॉडेलवर वाढले त्याचा वंश मांजरांच्या कानांतून आलेला आहे. १९६५मध्ये नेल्सन कियांग आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या श्रवणचेतेतल्या एकेका तंतूचे विजेचे ठोके मोजून एक ग्रंथ छापला. त्या ठोक्यांना आम्ही स्पाइक म्हणतो. १९९३मध्ये लॉरेल कार्नी यांनी अशा नोंदींवर बेतलेलं एक मॉडेल मांडलं. बिघडलेला कान त्यात उतरवण्याचं काम इयन ब्रूस, मरे सॅक्स आणि एरिक यंग यांच्या २००३च्या मॉडेलने केलं. पुढे मुहम्मद झिलानी आणि इतरांनी २००६, २००९, २०१४ आणि २०१८ अशा आवृत्त्यांतून ते वाढवलं. कोड सगळ्यांसाठी खुला आहे. एका बाजूने हवेच्या दाबातला चढउतार पास्कलमध्ये द्यायचा, दुसऱ्या बाजूने कोणत्या तंतूत कोणत्या क्षणी स्पाइक पडला ते घ्यायचं. मध्ये मध्यकर्ण, पडद्याचं हलणं, बाहेरच्या पेशींची मदत, आतल्या पेशींनी केलेलं विजेत रूपांतर, पेशी आणि तंतू यांच्यातला सांधा, सगळं समीकरणांत. त्यात बिघाडाच्या दोन कळा आहेत. एक बाहेरच्या पेशींची, एक आतल्या पेशींची. दोन्ही शून्य ते एकच्या मध्ये फिरतात. एक म्हणजे ठणठणीत, शून्य म्हणजे गेलेली.

या दोन कळांनी मला जे शिकवलं ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलं नाही. क्लिनिकमध्ये ऑडिओग्राम काढतात. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक बीप ऐकू आला की बटण दाबायचं. कागदावर एक उतरती रेघ येते आणि ती रेघ म्हणजे त्या माणसाचं ऐकणं असं सगळे धरून चालतात. मॉडेलला ऑडिओग्राम द्यायचा झाला की पहिलाच प्रश्न येतो: हे चाळीस डेसिबल कोणाच्या खात्यावर टाकायचे? बाहेरच्या पेशींच्या की आतल्या? रेघ काहीच सांगत नाही. रूढ पद्धत अशी की दोन तृतीयांश नुकसान बाहेरच्यांचं आणि एक तृतीयांश आतल्यांचं धरायचं. ते सरासरीला ठीक आहे. पण मी एकच ऑडिओग्राम घेऊन वाटणी बदलत गेले तेव्हा संगणकाच्या पडद्यावर माणसं बदलत गेली. बाहेरच्या पेशी गेलेल्या कानात सूर एकमेकांत मिसळलेले. आतल्या पेशी मंदावलेल्या कानात सूर बऱ्यापैकी वेगळे, पण स्पाइकच तुरळक. बीपच्या चाचणीत मात्र दोघे एकाच रेघेवर.

माझी एक मैत्रीण ऑडिओलॉजिस्ट आहे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत शिकलेली, आता पुण्यात प्रॅक्टिस करते. हे आलेख तिला दाखवले तेव्हा ती फारशी चकित झाली नाही. म्हणाली, "हे आम्हाला रोज दिसतं गं. सारखा ऑडिओग्राम, सारखं कानाचं मशीन, एक जण आठवड्यात रुळतो आणि दुसरा महिनाभराने मशीन डबीत ठेवून देतो. फक्त का ते दाखवता येत नव्हतं." तिच्या मते त्या दुसऱ्या माणसाच्या वाट्याला नेहमी एकच शेरा येतो: सवय करून घेत नाहीत. त्या दिवसापासून मी हा शेरा कोणाच्याही फाइलवर वाचला की अस्वस्थ होते.

ओंटारिओत असताना माझ्या गाइडने वाचायला दिलेल्या निबंधांत १९९७चा एक होता. जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉजर मिलर, एरिक यंग आणि इतरांनी गोंगाटाने कान दुखावलेल्या मांजरांना एक इंग्रजी स्वर ऐकवला होता. त्यातला एक आलेख माझ्या टेबलासमोर कितीतरी दिवस चिकटवलेला होता, आणि माझ्या कामाची दिशा त्याने ठरवली.

तो समजण्यासाठी स्वर म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल. तोंडाच्या पोकळीच्या आकारानुसार आवाजातले काही पट्टे उठावदार होतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. आपल्या मराठीतलंच बघू. "ई" म्हणताना पहिला फॉर्मंट तीनशे हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा पार वर, दोन हजारांच्याही पलीकडे. "ऊ" म्हणताना पहिला तिथेच, दुसरा मात्र आठशेच्या आसपास. म्हणजे "मीठ" आणि "मूठ" यांच्या स्वरांमधला फरक जवळजवळ सगळा त्या दुसऱ्या फॉर्मंटवर टांगलेला आहे. निरोगी कानात दुसऱ्या फॉर्मंटच्या जागेवरचे तंतू त्याच्याच तालावर स्पाइक पाडतात. आवाज कितीही मोठा झाला तरी हा ताल टिकतो, हे यंग आणि सॅक्स यांनी १९७९मध्ये दाखवलं होतं. दुखावलेल्या कानात काय झालं? ते तंतू गप्प बसले नाहीत. ते जोरात बोलत राहिले, पण पहिल्या फॉर्मंटच्या आणि त्याच्या आसपासच्या सुरांच्या तालावर. दुसऱ्या फॉर्मंटची जागा पहिल्याने बळकावली होती.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. कमी ऐकू येतं म्हणजे चेतेत शांतता असेल, अशी सगळ्यांचीच समजूत असते. इथे चेता भरून वाहत होती आणि त्यात चुकीची बातमी होती. असा कान असलेल्या माणसाला "मीठ" ऐकू येत नाही असं नव्हे, त्याला काहीतरी "मूठ"सारखं ऐकू येतं, आणि तो त्यावर विश्वास ठेवून उत्तर देतो. मग ताटावर बसलेली माणसं हसतात.

पुण्याला परतल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर घरच्यांच्या आवाजात असे जोडशब्द ध्वनिमुद्रित केले. मीठ–मूठ, ताक–टाक, साप–शाप, काल–काळ, कार–खार. मराठीत महाप्राण आहेत, दंत्य आणि मूर्धन्य यांचा काटेकोर भेद आहे, "ळ" आहे. इंग्रजीवर घडलेल्या चाचण्यांमध्ये यातलं बरंचसं येतच नाही. "ताक" आणि "टाक" यांतला फरक जीभ सुटतानाच्या क्षणभराच्या स्फोटात आणि त्यानंतर फॉर्मंट कसे सरकतात त्यात असतो, तोही बराचसा दोन हजार हर्ट्झच्या वर. "स"चा जोर चार हजारांच्या वर, "श"चा त्याच्या खाली. वयाने ऐकू येणं कमी होतं ते नेमकं वरूनच. आपल्या भाषेने अर्थाचे मोठे भेद त्याच भागात ठेवले आहेत, जो भाग आधी जातो. मॉडेलमध्ये उंच सुरांचा उतार असलेला ऑडिओग्राम घालून हे शब्द चालवले की न्यूरोग्राम, म्हणजे तंतू आणि वेळ यांचा नकाशा, दोन शब्दांसाठी इतका सारखा दिसू लागतो की खालची नावं झाकली तर मलाही ओळखता येत नाही.

या कामातली दगदगही सांगितली पाहिजे, कारण दिवसाचा मोठा भाग तिच्यातच जातो. संगणकातल्या ध्वनीच्या फाइलमध्ये नुसते आकडे असतात, उणे एक ते एक. त्यांचा हवेच्या दाबाशी काही संबंध नसतो, तो आपण लावायचा असतो. नेहमीच्या बोलण्याची पातळी पासष्ट डेसिबल धरली तर सरासरी दाब साधारण ०.०३६ पास्कल येतो. हा गुणाकार सगळ्यात आधी, कारण कान सरळ रेषेत चालत नाही. पासष्टला आलेलं उत्तर पंचाऐंशीला लागू पडत नाही, दर पातळीला कान जणू वेगळा असतो. तंतूंतले स्पाइकही दरवेळी जसेच्या तसे पडत नाहीत. जिवंत तंतूत यदृच्छा असते, म्हणून मॉडेलमध्येही ती घातलेली आहे. एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकवून, एका जागी डझनावारी तंतू धरून, मग कुठे विश्वास ठेवावा असं चित्र उमटतं. सेकंदाला एक लाख नमुने घेत संगणक रात्रभर चालतो. नवीन विद्यार्थी कंटाळतात. मी त्यांना एवढंच सांगते की कोणताही निकाल घेऊन आलात की मी आधी आवाज किती होता ते विचारेन.

कानाच्या मशीनकडे मी उशिरा वळले. मशीन कोणत्या सुराला किती वाढ देईल याची सूत्रं असतात, त्यांना आम्ही प्रिस्क्रिप्शनच म्हणतो. १९४४मध्ये सॅम्युएल लायबार्गरने ढोबळ नियम दिला: जेवढं नुकसान त्याच्या निम्मी वाढ. निम्मीच का, हे मला कायम खुपायचं. पन्नास डेसिबल गेले तर पन्नास द्या की! त्याचं एक उत्तर वर आलंच, मोठे आवाज आधीच मोठे वाजत असतात. दुसरं उत्तर चेतेत सापडतं आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चेतेतली माहिती दोन प्रकारे वाचता येते. एक म्हणजे ठरावीक काळात किती स्पाइक पडले, दुसरी म्हणजे ते नेमके कधी पडले. २००८मध्ये ब्रूस आणि त्यांच्या विद्यार्थ्याने या दोन्ही कसोट्यांवर प्रिस्क्रिप्शन तपासली. स्पाइकच्या संख्येला निरोगी कानासारखं व्हायचं असेल तर जास्त वाढ हवी; त्यांच्या वेळेला निरोगी कानासारखं व्हायचं असेल तर कमी. प्रचलित सूत्रं या दोघांच्या मधोमध कुठेतरी पडतात. ज्यांनी ही सूत्रं बनवली त्यांनी तंतू मोजले नव्हते, माणसांना विचारत विचारत ते तिथे पोचले होते. म्हणजे तक्रार करणाऱ्या माणसांनी दशकानुदशकं "वाढवा", "नको, कमी करा" असं सांगत जी जागा शोधली होती, तीच चेतेनेही दाखवली.

याच सुमारास मैत्रिणीच्या क्लिनिकमध्ये एक निवृत्त शिक्षक यायचे. मशीन बदलून झालं होतं, वाढ बदलून झाली होती. एकदा ते शांतपणे म्हणाले, "बाई, आवाज वाढवू नका. मला शब्द एकमेकांपासून सुटे करून द्या." मला तिथल्या तिथे १९९९मधलं हॉपकिन्सचंच एक काम आठवलं. त्यात दोन फॉर्मंटच्या मधली दरी तशीच खोल ठेवून दुसरा फॉर्मंट उचलला होता, म्हणजे पहिल्याला पुढे सरकायला वाव कमी. दुखावलेल्या कानात दुसऱ्या फॉर्मंटचा ताल काही अंशी परत आला होता. गुरुजींनी मागितलं होतं ते नेमकं हेच आणि त्यांच्या मशीनला ते येत नव्हतं. सगळ्या शब्दांसाठी, गोंगाटात, बोलण्याच्या वेगाने हे करणं अजूनही कठीण आहे. आम्ही त्यांना खरं ते सांगितलं. शांत खोलीत, समोरासमोर, तोंड दिसेल असं, एका वेळी एकानेच बोलायचं, एवढं तरी घरच्यांनी पाळावं म्हणून मैत्रिणीने त्यांच्या मुलाला बोलावून घेतलं. त्या अर्ध्या तासाने कोणत्याही प्रिस्क्रिप्शनपेक्षा जास्त फरक पडला, असं ती म्हणते.

आणखी एक वळण म्हणजे २००९. बॉस्टनमध्ये शेरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास शंभर डेसिबलचा आवाज ऐकवला. कान बधिर झाले आणि काही दिवसांत पूर्ववत झाले. रोमपेशी शाबूत, ऑडिओग्रामसारखी चाचणी नॉर्मल. पण आतल्या पेशी आणि तंतू यांच्यातले सांधे मोजले तेव्हा उंच सुरांच्या भागात निम्म्याच्या आसपास नाहीसे झालेले आणि पुढे महिन्यांनी ते तंतूही गळत गेले. लिबरमन यांनीच १९७८मध्ये तंतूंचे तीन गट पाडले होते. काही आवाज नसतानाही भरभर स्पाइक पाडणारे आणि हळू आवाजाला लगेच जागणारे, काही मधले, आणि काही जवळपास निवांत, जे मोठ्या आवाजालाच हलतात. पुढच्या प्रयोगांत हा शेवटचा गट सगळ्यात आधी गळताना दिसला. बीप ऐकायला त्याची गरज नसते. पण पहिल्या गटाचे तंतू गोंगाटात लगेच कमाल मर्यादेला टेकतात, त्यांना चढउतार कळेनासा होतो, तेव्हा खरी भिस्त या निवांत तंतूंवर असते.

मॉडेलमध्ये एखादा गट काढून टाकणं एका ओळीचं काम आहे. मी तो निवांत गट काढला आणि शांततेतला न्यूरोग्राम पाहिला, फरक शोधून काढावा लागला. मागे बाजारातल्या गलक्यासारखा आवाज घातला तेव्हा शब्दांच्या कडा पुसट झाल्या. या निकालाच्या आसपासच पुण्यातल्या ढोलपथकातली एक मुलगी मैत्रिणीकडे आली होती. वय विशीतलं, ऑडिओग्राम सपाट, उत्तम. तक्रार अशी की हॉटेलमध्ये चार मैत्रिणींत बसलं की काही कळत नाही, घरी सगळं ठीक. आधीच्या ठिकाणी तिला "ताण घेऊ नकोस" असं सांगून परत पाठवलं होतं. तिचे सांधे गेले होते का, हे कोणी सांगू शकत नाही. जिवंत माणसाच्या कानात ते मोजायची खात्रीची पद्धत अजून हाती नाही आणि माणसांवरच्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. देहदानातून मिळालेल्या कानांत मात्र वयाबरोबर तंतू रोमपेशींच्याही आधी कमी होत गेल्याचं आढळलं आहे. मी तिला एवढं सांगू शकले की ऑडिओग्राम नॉर्मल असताना अशी तक्रार असणं शरीरशास्त्रात बसतं. ती रडली. कुणीतरी खरं मानलं म्हणून.

पथकांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. पंचाऐंशी डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठीची मानली गेलेली मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. ताशाच्या शेजारी तासन् तास उभं राहणारी मुलं-मुली याच्या किती पलीकडे जातात याचा हिशेब कुणीही करू शकतो. विसर्जनानंतर दोन दिवस कान गच्च होतात आणि मग "मोकळे" होतात, ते मोकळे होणं म्हणजे सुटका नाही, एवढं त्या उंदरांनी शिकवलंय. फोमचे इअरप्लग औषधांच्या दुकानात मिळतात, नीट आत बसवावे लागतात, ठेका त्यातूनही पक्का कळतो.

मॉडेलच्या मर्यादा मी प्रत्येक व्याख्यानात सांगते. त्याचा पाया मांजर आहे. माणसाचा कान त्याहून दुपटीने किंवा अधिक धारदार असल्याचा पुरावा २००२मध्ये क्रिस्टोफर शेरा, जॉन गिनन आणि अँड्र्यू ऑक्सनहॅम यांनी मांडला आणि त्यावर बराच वाद झाला. माणसासाठी मॉडेलची वेगळी मांडणी आहे, पण माणसाच्या एकेका तंतूच्या नोंदींवर ती ताडून पाहता येत नाही. आणि मॉडेल चेतेपाशी थांबतं. पुढचा मेंदू त्यात नाही. ज्या आजोबांना "मीठ"ऐवजी "मूठ" पोचते ते ताटाकडे बघून मीठच देतात, हे श्रेय त्यांच्या मेंदूचं. ते फुकट होत नाही. दिवसभर असे अंदाज बांधून माणूस संध्याकाळी दमतो, लग्नकार्यात कोपरा धरतो, फोन दुसऱ्याच्या हातात देतो. दुपारी छान बोलणारे बाबा रात्री का चिडतात असं विचारणाऱ्या लेकीला मी न्यूरोग्राम दाखवते. एवढ्या तुटपुंज्या मजकुरावर त्यांनी दिवस काढलाय, हे तिला डोळ्यांनी दिसतं.

सध्या आम्ही "ताक–टाक"वर अडलोय. निवांत तंतू काढून, मागे गलका ठेवून पाहिलं तर स्पाइकच्या संख्येत दोन्ही शब्द जवळपास सारखे आहेत. वेळेत मात्र, स्फोटानंतरच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत, फरक शिल्लक दिसतो. मेंदू तो वापरतो का हे मॉडेल सांगू शकत नाही, माणसंच सांगतील. म्हणून मैत्रिणीच्या क्लिनिकमध्ये साठीच्या पुढच्या लोकांना बोलावून हेच शब्द त्याच गलक्यात ऐकवतोय. ऐकलं ते लिहून द्यायचं, आणि त्याखाली एक मोकळी ओळ ठेवली आहे, कसं ऐकू आलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायला. विद्यार्थ्यांना वाटलं होतं ती ओळ बहुतेक कोरी येईल. लोक कागद उलटून मागच्या बाजूला लिहितात. ती उत्तरं मी आकड्यांच्या आधी वाचते आणि पुढच्या वेळी मॉडेलमध्ये काय बदलायचं ते त्यांवरून ठरवते.